एकटाच आहे, हाफ द्या

पतसंस्थेचं ऑडिट करायला गेलेल्या माणसाला दुपारी एकच्या सुमारास दोन गोष्टी छळतात. एक भूक आणि दुसरे संस्थेचे मॅनेजर. साडेबारापासूनच ते खुर्चीमागं येरझाऱ्या घालू लागतात आणि मग हळूच विचारतात, "साहेब, जेवणाचं कसं करूया?" या 'करूया'मागं सकाळीच सांगून ठेवलेलं मटण असतं, तांबडा-पांढरा असतो आणि 'चेअरमनसाहेब पण येतो म्हणालेत' हेही असतं. सातारा-सांगलीकडं दारी आलेल्या माणसाला न जेवता सोडणं म्हणजे घराण्याला बट्टा. पण तांबडा रस्सा भुरकून तीन वाजता पुन्हा थकबाकीच्या यादीवर बसलेल्या ऑडिटरला थकबाकीदार तितकेसे थकलेले दिसत नाहीत. म्हणून आमच्या धंद्यातले जाणते लोक डबा नेतात. मी नेत नाही. पहाटेच्या एसटीसाठी घरातल्या कुणाला पाच वाजता पोळ्या लाटायला उठवावं, इतकं माझं घरात वजन नाही. मी एवढंच म्हणतो, "बाहेर जरा काम आहे." आणि चायनीज खायला जातो.

खानावळीत का जात नाही, असं कुणी विचारेल. खानावळीत सहकार जेवत असतो. शेजारच्या टेबलावर एखादे संचालक, पलीकडं त्यांनी ज्याला जामीन राहून कर्ज दिलं तो कर्जदार, आणि दोघांना वाढणारा पोरगा संस्थेच्या शिपायाचा मेव्हणा. ऑडिटरनं दोन भाकऱ्या खाल्ल्या की तीन, ही बातमी त्याच्या आधी संस्थेत पोहोचते. शिवाय खानावळीत एकटं जेवता येत नाही. "एकटंच आलाय?" हा प्रश्न तिथं इतक्या कळवळ्यानं विचारतात, की घरी काहीतरी वाईट घडलंय असं आपल्यालाच वाटू लागतं. मग त्या कळवळ्यापोटी पानात आणखी एक भाकरी पडते. चायनीजच्या हॉटेलात दुपारी चेअरमन नसतात, संचालक नसतात आणि आग्रहही नसतो. तिथं कॉलेजची पोरं असतात, मोबाईलच्या दुकानातले सेल्समन असतात, आणि बेसिनशेजारी मी असतो.

साताऱ्यात चायनीजच्या गाड्या दिवस मावळल्यावर उगवतात. दुपारी पाहावं तर गाडी ताडपत्री पांघरून झोपलेली. गाडीवर एका बाजूला लाल ड्रॅगन आणि त्याच्या डोक्यावर ठळक अक्षरात 'जय मल्हार' किंवा 'आई काळुबाई प्रसन्न'. मांढरदेवीचा आशीर्वाद आणि चीनचा राक्षस एकाच पत्र्यावर इतक्या सलोख्यानं नांदताना दुसऱ्या कुठल्या देशात दिसतील असं वाटत नाही. पण दुपारच्या भुकेला गाडी उपयोगाची नाही. त्यासाठी पोवई नाक्याकडून राजवाड्याकडं जाणाऱ्या वरच्या रस्त्यावर, एखाद्या इमारतीचा जिना चढावा लागतो. पाटी दिसण्याआधी जिन्यातच आलं-लसणाचा वास सांगतो, की मजला बरोबर आहे.

आत शिरलं की वेटर विचारतो, "किती जण?"

"एकटाच."

यावर तो माझ्या खांद्यावरून मागं जिन्याकडं नजर टाकतो. माझा शब्द त्याला पुरत नाही, पडताळणी लागते. हा गुण मला आवडतो, आमच्या क्लार्क मंडळींत तो दुर्मीळ आहे. खात्री पटल्यावर तो मला बेसिनशेजारच्या दोन खुर्च्यांच्या टेबलाकडं नेतो. आत पडदे लावलेली 'फॅमिली रूम' असते. तिथं पंखा बरा असतो आणि पाण्याचा जग झाकलेला असतो, पण एकटा माणूस म्हणजे फॅमिली नव्हे. दोन चुलत भाऊ फॅमिली ठरतात, कॉलेजची जोडी तर ठरतेच ठरते. एकट्या माणसाला मात्र त्या पडद्याआड प्रवेश नाही, मग त्याच्या घरी तीन पिढ्या का नांदत असेनात.

मेनूकार्ड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं आणि चांगलं शे-दीडशे कलमांचं. मी ते सवयीनं ऑडिटच्या नजरेनं वाचतो. शेजवान, मंचुरियन, हाँगकाँग, सिंगापुरी, ट्रिपल, अमेरिकन चॉप्सी. इतकी खाती, पण शेवटी सगळ्यांची जमा त्याच तीन बाटल्यांत: काळा सोया सॉस, लाल चिली सॉस आणि व्हिनेगर. त्या सगळ्या यादीत मला महत्त्वाचा वाटतो तो उजवीकडचा हाफ-फुलचा रकाना. थाळी अर्धी मिळत नाही, लग्नाचं जेवण अर्धं मिळत नाही, आणि घरी 'अर्धीच वाढ' म्हटलं तर 'का, बरं नाही का?' अशी चौकशी सुरू होते. फक्त चायनीजवाल्यानं एकट्या माणसाचं पोट मोजून त्याच्यासाठी वेगळा दर लावलाय. हाफ व्हेज फ्राईड राईस आणि पाण्याची बाटली धरून बिल सव्वाशेच्या आत. त्याच दरात, न मागता, वाटीभर पातळ ग्रेव्ही आणि व्हिनेगरात मुरलेल्या मिरच्या.

बेसिनशेजारच्या जागेचा एक फायदा असा, की भटारखान्याची खिडकी बरोबर समोर येते. आत एक विशीतला पोरगा असतो. नेपाळचा असेल, नाहीतर आसामचा. मराठी मात्र अस्सल साताऱ्याची, "आवं, टेबल चारचं नूडल झालं की!" सकाळी शिजवून परातीत पसरून गार केलेला भात त्याच्या डाव्या हाताला. भात गारच हवा, गरम भात कढईत गेला की त्याचा गोळा होतो. बर्नर पेटला की विमान उडतंय की काय असा आवाज होतो आणि दहा मिनिटं कुणाचंच बोलणं ऐकू येत नाही. काळीकुळकुळीत लोखंडी कढई, तिच्यात पळीभर तेल, त्यात बारीक चिरलेला लसूण. तो लाल व्हायच्या आत कोबी, गाजर, फरसबी. मग भात. मग तीच पळी मिठाच्या डब्यात, मिऱ्याच्या डब्यात, पांढऱ्या पुडीच्या डब्यात नुसती टेकवायची. किती घेतलं हे त्याच्या मनगटालाच ठाऊक. कढई दोनदा हवेत उडते, भात ज्वाळेतून जाऊन परत येतो, पळी कढईच्या काठावर टण्‌ टण्‌ वाजते, की झालं. भात वाटीत दाबून ताटलीत उपडा होतो आणि त्याच्याबरोबर दोन चमचे येतात. एकटा असलो तरी दोनच. वेटरनं अजून आशा सोडलेली नसते.

खरं तर हा फोडणीचा भात. पण फोडणीचा भात घरात मागावा लागतो, तो रात्रीच्या उरलेल्या भाताचा असतो, आणि खाताना कुणीतरी हमखास म्हणतं, "आईच्या हातची चव नाही." मराठी माणसाच्या पानात पडणाऱ्या प्रत्येक पदार्थावर कुणाच्या तरी आईचा हक्क नोंदवलेला असतो. पिठल्यावर आहे, आमटीवर आहे, पुरणपोळीवर तर दोन्हीकडच्या आयांचा आहे आणि त्याचे दावे वर्षानुवर्षं चालू आहेत. फ्राईड राईसवर कुणाचाच बोजा नाही. तो कुणाच्या आईनं केला नाही, आजीनं तर नाहीच नाही. तो सणाला होत नाही, श्राद्धाला चालत नाही, नैवेद्याला ठेवत नाहीत. त्यामुळं तो खाताना कुणाची आठवण काढायची सक्ती नसते आणि कुणाला कमी लेखल्याचं पापही लागत नाही. भात बरा आहे की नाही, एवढाच प्रश्न. एकट्यानं जेवायला याहून बिनधोक अन्न मला माहीत नाही.

आता, याला चिनी म्हणावं का, हा प्रश्न विद्वान लोक विचारतात. उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे. मंचुरियन मंचुरियातून आलं नाही, मुंबईतून आलं. कोलकात्यात जन्मलेले चिनी वंशाचे नेल्सन वांग यांनी 1975 मध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडियात आलं, लसूण आणि हिरवी मिरची तेलावर परतली, गरम मसाल्याऐवजी सोया सॉस ओतला आणि कॉर्नफ्लोअर लावून चिकन त्यात सोडलं. पहिला निम्मा भाग कुठल्याही साताऱ्याच्या स्वयंपाकघरातला आहे. त्या चिकनचा कोबी कुणी केला, ते नाव मात्र कुठं लागलं नाही.

पण खरे चिनी लोक याच साताऱ्याच्या मुलखात येऊन राहून गेले आहेत, आणि ही गोष्ट मला हाफ राईसपेक्षा जास्त चविष्ट वाटते. 1829 मध्ये मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम यानं साताऱ्याच्या छत्रपती प्रतापसिंहांकडून महाबळेश्वरची जागा घेतली आणि बदल्यात वाईकडचं खंडाळा गाव दिलं. (हा व्यवहार ऑडिटला आला असता तर मी मूल्यांकनाचा कागद मागितला असता.) तिथं साहेबांच्या हवेसाठी माल्कमपेठ वसली आणि तिच्यात एक तुरुंग उभा राहिला. कैदी कोण, तर चिनी आणि मलायी. सिंगापूर-पेनांगकडच्या इंग्रजी मुलखात शिक्षा झालेली ही माणसं जहाजानं आणून सह्याद्रीच्या धुक्यात ठेवली होती. त्यांनी बागा केल्या, बटाटा आणि विलायती भाज्या लावल्या, वेताचं काम केलं. साधारण 1864 साली तुरुंग बंद झाला. त्यांची आठवण म्हणून महाबळेश्वरात आजही चायनामन धबधबा आहे. पर्यटक तिथं मका खातात आणि नावाची चौकशी न करता फोटो काढतात.

म्हणजे हिशेब असा लागतो. चिनी माणूस या डोंगरावर आला तेव्हा त्यानं नूडल्स आणले नाहीत, बटाटा लावला. तो बटाटा आपण एकादशीला, चातुर्मासात, संकष्टीला साबुदाण्यात घालून इतक्या भक्तीनं खाल्ला की त्याचं चिनी लागवडीचं खातं कधीच निरंक झालं. आणि जे चिन्यानं कधी पाहिलं नाही, ते कोबीचे लाल गोळे आपण चायनीज म्हणून खातो. संकष्टीला वेटरनं "चायनीज चालतं का आज?" असं विचारलं, तर मला त्याला चिली पोटॅटो आणायला सांगावंसं वाटतं. उपासाचं खरं चायनीज तेच.

त्याआधीही एक चिनी पाहुणा महाराष्ट्रात येऊन गेला. बौद्ध भिक्षू ह्युएनत्संग साधारण इसवी सन 641 च्या सुमारास, पुलकेशी दुसऱ्याच्या राज्यात. त्यानं इथल्या लोकांबद्दल लिहून ठेवलंय की हे उंचेपुरे, मानी, उपकार न विसरणारे आणि अपमान तर मुळीच न विसरणारे. सूड घ्यायचा झाला तरी शत्रूला आधी सूचना देतात, मग हत्यार उचलतात. चौदाशे वर्षं होत आली, पण हा रिवाज चायनीज हॉटेलात जसाच्या तसा चालू आहे. ऑर्डर घेतल्यावर वेटर थांबतो, माझ्याकडं नीट पाहतो आणि विचारतो, "मिडियम का तिखट?" 'तिखट' म्हणालो तर पुन्हा एकदा, "चालंल नव्हं?" दोनदा सूचना दिल्यावरच शेजवान चटणीचा वार होतो. त्यानंतर डोळ्यांतून आलेल्या पाण्याची जबाबदारी हॉटेलवर नाही.

सांगलीचं गणित निराळं. साताऱ्याहून पेठ नाका, इस्लामपूर (आताचं ईश्वरपूर) करत एसटी सांगलीत शिरते, तोवर भूक रीतसर लागलेली असते. माझं ठिकाण गणपती पेठेच्या बाजूला, खालच्या मजल्यावर. खालचा मजला असल्यामुळं त्याच्या भिंतीवर एक रेघ आहे. ऑगस्ट 2019 च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांच्या वर गेली होती, आणि तिथं धोक्याची पातळी आहे 45. पाणी उतरल्यावर हॉटेलवाल्यानं भिंतीला नवा रंग दिला, पण एका कोपऱ्यात ती रेघ ठेवली आणि खाली साल लिहिलं. मी खुर्चीत बसलो की रेघ माझ्या डोक्याच्या बरीच वर असते. "सगळं वाहून गेलं साहेब," तो सांगतो, "फ्रीज तर छताला टेकला होता. कढई तेवढी जागच्या जागी." लोखंडाची कढई, कुठं जाणार? घासली, तेल लावलं, आणि त्याच कढईत धंदा पुन्हा उभा राहिला. स्थावर मालमत्तेची इतकी स्वच्छ व्याख्या मी कुठल्याही ताळेबंदात वाचलेली नाही.

सांगली हे हळदीचं गाव. इथल्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. इथं दुधात हळद, आमटीत हळद, पोह्यात हळद, ओरखडा उठला तर त्यावरही हळद. या गावात हळदीचा कण नसलेलं गरम जेवण हवं असेल तर चायनीजला पर्याय नाही. त्या पिवळ्या शहरात ताटलीतला मंचुरियनचा लालभडक गोळा परदेशी पाहुण्यासारखा उठून दिसतो. या लालीवर अधूनमधून गदा येते. मिरजेवरून म्हैसाळ ओलांडून कागवाडला गेलं की कर्नाटक, आणि तिकडं फ्लॉवरचं गोबी मंचुरी हा जवळजवळ राज्यपदार्थ. मार्च 2024 मध्ये कर्नाटक सरकारनं त्यातल्या कृत्रिम रंगांवर बंदी घातली. तपासणीत बऱ्याच नमुन्यांत असे रंग सापडले होते. ती बातमी आल्यावर मी माझ्या ठिकाणी विचारलं, "रंग घालता का हो?" मालकानं काश्मिरी मिरचीची पिशवीच टेबलावर आणून आपटली. व्हाउचर दाखवा म्हटल्यावर व्हाउचर दाखवणारी माणसं मला फार आवडतात. तेव्हापासून मी तिथंच जातो.

अजिनोमोटोची भीती मात्र मला आता वाटत नाही. टोकियोच्या किकुनाए इकेदा यांनी 1908 मध्ये समुद्री शेवाळाच्या रश्श्यातून ही चव वेगळी काढली, आणि पिकलेल्या टोमॅटोतही तीच चव उपजत असते. 1968 मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेल्या एका पत्रावरून ती जगभर बदनाम झाली. पत्रावरून बदनामी कशी होते, हे सहकारात वेगळं सांगायला नको. निनावी अर्जावर चौकशी लागलेल्या किती संस्था मी पाहिल्यात.

एकट्या माणसाची खरी अडचण सूपशी येते. मंचाव सूप ही माझी दुबळी बाजू. आलं, लसूण, मिरी, वर तळलेल्या नूडल्सचा मूठभर चुरा, आणि घशाखाली उतरताच कपाळावर घाम. पण वाडगा केवढा! तो संपवला की राईसला जागा उरत नाही. जोडीनं आलेली माणसं "वन बाय टू" म्हणून मोकळी होतात, आणि वेटरही ते बिनतक्रार करतो. एकट्यानं वन बाय टू मागितलं तर तो विचारतो, "दुसरं कुणाला?" आणि त्याचा प्रश्न बिनतोड असतो.

एकदा सांगलीत गर्दी होती आणि माझ्यासमोरच्या खुर्चीवर एक गृहस्थ येऊन बसले. साठीचे, पांढरी टोपी, खिशाला दोन पेनं. बोटांच्या नखांत कायमचा पिवळा रंग. मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी असावेत, हे न विचारता कळत होतं. मेनूकार्डाकडं न बघता म्हणाले, "सूप घेणार का? वन बाय टू सांगतो." मी मनातल्या मनात नियम चाळले. अर्धा वाडगा सूप हा पाहुणचार ठरतो का? अनोळखी माणूस, पैसे निम्मे निम्मे, ठरत नाही. सूप आलं. दोघं फुंकर मारत पिऊ लागलो.

"आपण कुठं असता?" त्यांनी विचारलं.

"साताऱ्याला. इथं ऑडिटला आलोय."

"कुठल्या संस्थेच्या?"

संस्थेचं नाव सांगू नये हा नियम मी पाळला. पण सांगलीत नाव सांगावं लागत नाही. मी कोणत्या बाजूनं चालत आलो, एवढ्यावरूनच त्यांनी ते काढलं असावं. त्यांचा चमचा वाडग्यातच थांबला.

"ठेव आहे माझी तिथं," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, आवाज खाली आणून, "बरी आहे का हो?"

या प्रश्नाला उत्तर देण्याचा मला अधिकार नाही. न देण्यानं काय अर्थ निघतो, हेही मला ठाऊक होतं. मी म्हणालो, "दिवाणजी, अहवाल सर्वसाधारण सभेपुढं येतो. तुम्ही सभेला जाता का?"

"नाश्त्यापुरता जातो."

"यंदा शेवटपर्यंत बसा."

त्यांनी मान डोलावली, उरलेलं सूप एका दमात संपवलं, आपल्या वाट्याचे पैसे नाण्यांसकट मोजून टेबलावर ठेवले आणि गेले. मी माझा हाफ राईस खाल्ला. त्यांचं काय झालं ते माहीत नाही. संस्था ठीक होती. ते सांगता आलं असतं तर बरं वाटलं असतं, पण एकदा 'ठीक आहे' म्हणायची सवय लागली की एखादे दिवशी 'ठीक नाही' म्हणायची पाळी येते, आणि तेव्हा गप्प राहिलं तरी लोक समजतात.

एकट्यानं जेवायचं म्हटलं की लोक मोबाईल सॉसच्या बाटलीला टेकवून उभा करतात आणि कुणीतरी हसत असलेला व्हिडिओ पाहत घास घेतात. पूर्वी वर्तमानपत्र असायचं, त्याच्या घडीत ग्रेव्ही सांडायची. मी यातलं काही करत नाही, आणि त्यात कसलाही मोठेपणा नाही. सकाळपासून रोजकिर्द, तसलमात आणि व्याजाचे तक्ते बघून डोळे इतके शिणलेले असतात, की समोर भिंत दिसली तरी विश्रांती वाटते. साताऱ्याच्या भिंतीवर प्लॅस्टिकचा पंखा आणि ड्रॅगनचं कॅलेंडर आहे, सांगलीच्या भिंतीवर पुराची रेघ. दोन्ही पुरेसं करमणुकीचं आहे. तीस-पस्तीस मिनिटं कुणी 'साहेब' म्हणत नाही, कुणी फाईल पुढं सरकवत नाही, आणि 'अजून थोडं घ्या' असंही कुणी म्हणत नाही. बिल आलं की मी बेरीज तपासतो. सवय आहे. आजवर बरोबर निघालीय.

परत गेल्यावर मॅनेजर विचारतात, "साहेब, काम झालं का बाहेरचं?" मी "झालं" म्हणतो. शर्टाला लसणाचा वास येत असतो, तो त्यांना येतो आणि ते काही बोलत नाहीत. माणूस समजूतदार असला की संस्थाही बहुधा नीट असते.

आमच्याकडं संस्थांना अ, ब, क, ड असे ऑडिट वर्ग देतात. त्या हिशेबानं साताऱ्याच्या फ्राईड राईसला माझा 'ब', कारण फरसबी कधीकधी कच्ची राहते. सांगलीच्या मंचावला 'अ'. मंचुरियनला दोन्हीकडं 'क', मग रंग मिरचीचा असो वा कशाचाही. जाणार असाल तर सव्वाच्या आत जा. दीडला कॉलेजची पोरं येतात, आणि मग एकट्या माणसाला बेसिनशेजारीसुद्धा जागा मिळत नाही.